तीन फूट, कुठून

मी शरच्चंद्र वामन निसळ, वय वर्षे एक्याऐंशी, पूर्वी माध्यमिक शाळेत मराठीचा शिक्षक, आता धंदा काही नाही, राहणार मौजे धानोशी, तालुका संगमनेर, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला दोन्ही डोळ्यांनी दिसते, डाव्या कानाने ऐकू येते, आणि काय लिहितो आहे ते कळते. तसा डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला वार विचारला. मी तिथीही सांगितली. माझ्यावर कोणाचा दाब नाही. आग्रह झाला, तो कोणी केला ते पुढे येईल. तो मी मानलेला नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एक ठराव मात्र लिहिला होता. तो रद्द करणे माझ्या हातात नाही. म्हणून हे लिहितो.

१. माझी पत्नी इंदू २०१८ साली वारली. मुलगा शौनक पुण्यास असतो. मुलगी मनवा नाशिकला शाळेत भूगोल शिकवते. या दोघांखेरीज मला वारस नाही.

२. गावातले राहते घर शौनकला द्यावे. घराचा स्लॅब २०१२ साली टाकला. त्याला लागलेली वाळू याच नदीतली, पहिल्या लिलावातली. हे कोणी मला विचारले नव्हते, तरी लिहून ठेवतो. पुढे ज्या गोष्टीबद्दल मी इतरांना बोल लावणार आहे, तिच्या छपराखाली मी तेरा वर्षे झोपलो आहे.

३. बँकेतील ठेवी दोन्ही मुलांनी निम्म्या निम्म्या घ्याव्यात. दहाव्याचा विधी नदीच्या घाटावरच करावा. माझ्या नावाचा ओटा, कमान, बाक यांपैकी काही बांधू नये.

४. पुस्तके शाळेला. शब्दकोशाचा दुसरा खंड त्यात सापडणार नाही. तो माझे सहशिक्षक अजिनाथ सर यांनी १९९४ साली दोन दिवसांसाठी नेला. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. मागू नये. आठवण मात्र करून द्यावी.

५. आता मुख्य मिळकत. गट नंबर ११७ पैकी माझ्या मालकीचे अकरा गुंठे. सातबाऱ्यावर पोटखराब अशी नोंद आहे. तिथे बाभळी आणि घाणेरी याशिवाय काही उगवत नाही. परंतु धानोशीच्या हद्दीत प्रवरेचा काठ सगळीकडे दोन पुरुष उंच तुटलेला आहे. नदीत सरळ उतरता येते ते फक्त या अकरा गुंठ्यांतून. शेजारी जुना घाट आहे, आणि घाटाला लागून काळ्या दगडाची भिंत. या भिंतीसाठी हे मृत्युपत्र आहे.

२६ जानेवारी २०११ च्या ग्रामसभेत नदीतल्या वाळूचा लिलाव करण्यास हरकत नाही असा ठराव झाला. शाळेला खोल्या हव्या होत्या आणि लिलावातला वाटा पंचायतीला मिळणार होता. लिहायला मला बसवले, कारण गावात अक्षर माझे चांगले, आणि माझ्या भाषेत चूक निघत नाही असा समज होता. मी लिहिले : 'वाळूचा उपसा तीन फुटांपेक्षा अधिक खोल करू नये.' वाचून दाखवले. माना डोलल्या. मला वाक्य आवडले होते.

बायकांच्या मागच्या ओळीतून चांगुणाबाई उठल्या. चांगुणा कानिफनाथ घटे, भोईवस्तीवर राहणाऱ्या. त्यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या नदीच्या वाळूत डांगरवाड्या करी : पाणी ओसरले की वाळूत चर काढायचे, खत भरायचे, टरबूज, खरबूज आणि काकडी लावायची, आणि उन्हाळ्यात संगमनेरच्या बाजारात न्यायची.

"गुरुजी, तीन फूट म्हंजी कुठून?"

"वरून, बाई," मी म्हणालो. लोक हसले.

"वरून म्हंजी आजच्या वरून का उद्याच्या वरून?"

सरपंच म्हणाले, "ए मावशे, वाळू हाय ती, लुगडं न्हाई मोजून घ्यायला. बस खाली."

त्या बसल्या. मी ते शब्द ठरावात घातले नाहीत. वाक्य लांब झाले असते. आटोपशीर लिहिण्याचा मला अभिमान होता.

सभा उठल्यावर त्या घरी गेल्या, छिन्नी आणि हातोडी घेऊन घाटावर आल्या, आणि भिंतीला जिथे वाळू टेकत होती तिथे एक आडवी रेघ कोरली. हातभर लांब. सभा शाळेत भरली होती; ठरावाची नक्कल करीत मी तिथेच थांबलो होतो, खिडकीतून ठोके ऐकले. कोणीतरी पाट्याला टाकी लावून घेत असेल असे वाटले.

नदीत उतरायला रस्ता लागला तेव्हा तो मी माझ्या अकरा गुंठ्यांतून दिला. भाडे घेतले नाही. याचाही मला तेव्हा अभिमान होता.

पहिल्या वर्षी तीन फूट वाळू गेली. पावसाळ्यात पुराने थोडी आणली. दुसऱ्या वर्षी जी होती तिच्यावरून तीन फूट मोजले. तिसऱ्या वर्षी तिच्यावरून. चांगुणाबाई दर मार्गशीर्षात, वाड्या आखायच्या दिवशी, वाळूच्या पातळीला नवी रेघ मारत. रेघ दर साली खाली जाई. २०१४ साली माझ्या विहिरीचा तळ दिसला. पूर्वी बायका वाळूत हातभर उकरत आणि झऱ्याला पाणी चढेपर्यंत बोलत बसत. इंदूची आमटी दुसऱ्या पाण्यात शिजत नसे. आता कमरेइतके उकरले तरी ओल लागेना. मग खाली खडक लागला, आणि झरा हा शब्द फक्त बोलण्यात राहिला.

लिलाव दर साली आदिनाथ भागाजी वाकळे याने घेतला. तो माझा विद्यार्थी. इयत्ता आठवी ते दहावी तो नदीपलीकडून चालत येई आणि दुपारी आमच्याकडे जेवे. इंदूने त्याला कधी विचारले नाही, वाढले. मी त्याला घाटावर गाठून म्हणालो, "आदिनाथ, तीन फूट ठरले होते."

"सर, तीनच काढतो. फीत लावून काढतो. तुमच्या हातचा ठराव हाय, त्यातला एक शब्द मी मोडला न्हाई."

हे खरे होते. त्याने ठरावाची प्रत डंपरच्या केबिनमध्ये काचेखाली लावली होती. अक्षर खरोखर चांगले आले होते.

२०१६ च्या डिसेंबरात, धरणातून पाण्याचे आवर्तन सुटल्यावर, चांगुणाबाईंचे यजमान कानिफनाथ वाळूच्या खड्ड्यात गेले. त्यांना पोहता येत होते. लहानपणापासून ती जागा ते कमरेइतक्या पाण्यातून ओलांडत आले होते. त्या दिवशी डोक्यावर खताची पाटी होती, आणि पाण्याखालच्या खड्ड्याची कड पायाखालून ढासळली. दोन तासांनी सापडले.

दहाव्याला घाटावर सगळे गाव होते. पिंडाला कावळा शिवला. लोक उठू लागले. चांगुणाबाईंनी पदराखालून छिन्नी काढली. त्यांची सून म्हणाली, "आत्या, आज राहू द्या."

"आज राहिलं तर साल मोकळं जाईल," त्या म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं हुतं, सोमवारी वाडी आखू. सोमवार गेला. रेघ तरी हुंद्या."

भिंतीचा पाया तोवर उघडा पडला होता. त्या पायऱ्या उतरून खाली गेल्या, वाळूत बसल्या, आणि पायाच्या दगडावर रेघ कोरली. मग तिच्या शेजारी दुसरी, छोटी. वर आदिनाथही उभा होता; दहाव्याला आला होता. ठोके पडत होते तोवर कोणी बोलले नाही, आणि कोणी जागचे हललेही नाही. मी या गावात अनेक सभा पाहिल्या. इतकी शांत सभा पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या अकरा गुंठ्यांत आडवा चर खणून घेतला आणि रस्ता बंद केला. पाच वर्षे उशीर झाला होता. आदिनाथने वरच्या अंगाला दुसऱ्याच्या शेतातून उतार काढला आणि उपसा चालू राहिला. पुढे २०२४ च्या पुरात तो उतार शेतासकट नदीत गेला.

२०२२ साली आम्ही कोर्टात गेलो. अर्ज मी लिहिला. या वेळी वाक्ये लांब लिहिली. वकील रेश्मा हासे यांनी फी घेतली नाही, फक्त दर तारखेला चांगुणाबाईंना बरोबर आणा असे सांगितले. जबाबाच्या दिवशी समोरच्या वकिलांनी भिंतीचे फोटो हातात धरून विचारले :

"आजी, लिहिता-वाचता येतं का?"

"न्हाई."

"मग कोणती रेघ कोणत्या साली मारली, हे कशावरून सांगता?"

"ही सगळ्यात वरली, ग्रामसभेची. ही दुसरी, त्या साली भीमाबाईची गाय घाटावर व्याली, सगळ्या गावानी चीक खाल्ला. ही तिसरी, तवा पाऊसच न्हाई, वाळू कोरडी ठाक. ही दोन रेघांची, आमच्या मालकांची."

वकिलांनी फोटो खाली ठेवले. मग म्हणाले, "आजी, ही काही लेखी नोंद झाली नाही."

"लिवता येणाऱ्यांनी ठराव लिवला, साहेब. त्यात कुठून ते न्हाई. माझ्या रेघंत तेवढंच हाय."

मी मागच्या बाकावर होतो. छत्तीस वर्षे भाषा शिकवली. इतके नेमके वाक्य कोणा विद्यार्थ्याने मला लिहून दिले नाही. मीही कोणाला दिले नाही.

कोर्टाने माणूस पाठवून भिंत मोजली. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत चौदा फूट भरले. २०२३ च्या उन्हाळ्यात उपशाला तात्पुरती मनाई मिळाली. अंतिम निकाल अजून व्हायचा आहे. त्या साली मार्गशीर्षात वाळू होती तिथेच होती, म्हणून चांगुणाबाईंनी नवी रेघ न मारता जुनीच पुन्हा खोल केली. पुढच्या साली रेघ दोन बोटे वर गेली. यंदाची, गेल्या आठवड्यातली, त्याच्यावर चार बोटे. कानिफनाथांची छोटी सोडली तर एकंदर पंधरा रेघा आहेत. तेरा खाली उतरतात, दोन वर चढतात. चौदा फूट गेले त्यात सहा बोटे परत आली. मला हे पुष्कळ वाटते.

मनाई उठली तर डंपरला नदीत उतरायला या अकरा गुंठ्यांखेरीज वाट राहिलेली नाही. म्हणून त्यांची किंमत. आदिनाथने दिवाळीत येऊन जो आकडा सांगितला, त्यात तालुक्याच्या गावी बंगला झाला असता. शौनकचा फोन लगेच आला. आदिनाथ आधी त्याच्याशी बोलला होता. "बाबा, पडीक जमीन आहे. तिथं काय पिकतं?" मी म्हणालो, "वाट." तो म्हणाला, "तुमच्याशी बोलणं अवघड आहे." ते बरोबर आहे. शौनक वाईट मुलगा नाही. तो नदीपासून लांब वाढला, आणि त्याला लांब मी पाठवले.

६. हे अकरा गुंठे चांगुणाबाईंना द्यावेत असे मी ठरवले होते. गेल्या महिन्यात त्यांना बोलावून तसे सांगितले. त्या ओट्यावर बसल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या :

"गुरुजी, डोकं फिरलं का तुमचं?"

"का?"

"माझ्या नावावर केली का उद्या वकील म्हणंल, म्हातारीला जमीन मिळायची हुती म्हणून रेघा मारल्या. मंग चौदा वर्षं पाण्यात. न्हाई, मला काय देऊ नगा. मला साक्षीला ठिवा."

मी म्हणालो की निकाल लागल्यावर तरी घ्या. त्या म्हणाल्या, "निकाल लागस्तवर तुमी राहताय का? तोंड बघा आरशात."

मी त्यांचे ऐकले. त्या बाईंनी नवरा गमावला, वाड्या गमावल्या, आणि हाती आलेली जमीन एका रेघेचा खरेपणा राखण्यासाठी परत केली. या गावात मी ज्यांना वाकून नमस्कार करीन असे फार लोक उरलेले नाहीत. त्यांना केला तर त्या रागावतील, म्हणून इथे लिहून करतो.

जमीन विकू नये अशी अट मृत्युपत्रात घातली तर ती टिकत नाही, असे रेश्माताईंनी सांगितले. अट टिकत नसेल तर माणूस निवडावा लागतो. मी मनवाला विचारले. ती म्हणाली, "विकायची असेल तर दादाच्या नावावर करा. विकायची नसेल तर माझ्या." दर वर्षी ती नाशिकहून आपला वर्ग एसटीने आणते आणि भिंतीपुढे बसवते. स्वतः शिकवत नाही. चांगुणाबाईंना बोलू देते.

तरी गट नंबर ११७ मधील माझे अकरा गुंठे मनवा हिला द्यावेत. चतुःसीमा : पूर्वेस घाट, दक्षिणेस गावरस्ता, पश्चिमेस खुळे यांचा बांध, उत्तरेस नदी.

७. या मिळकतीतून गावाची आणि भोईवस्तीची नदीत उतरण्याची पायवाट आहे. ती मी देत नाही. ती माझ्या आजोबांच्या आधीपासून आहे; आहे एवढेच मी लिहितो. पायवाटेची रुंदी तीन फूट. डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेतलेली बाई, खताची पाटी घेतलेला माणूस, शेळी, गाय, आणि पिंड घेतलेले क्रियाकर्माचे लोक यांनी तिच्यावरून जावे-यावे. इंजिनावर चालणारे कोणतेही चाक तिच्यावरून जाऊ नये.

८. इंदूची तांब्याची कळशी आदिनाथ भागाजी वाकळे यास द्यावी. ती कळशी झऱ्यावर रोज भरली जाई, आणि त्यातले पाणी तो तीन वर्षे प्याला. ती त्यास रिकामी द्यावी. सोबत काही बोलू नये. तो हुशार मुलगा होता.

९. माझी काळी छत्री चांगुणाबाईंनी मागितली. "घाटावर ऊन लई लागतं," म्हणाल्या. साक्षीदाराने मृत्युपत्राखाली काही घेऊ नये असे रेश्माताईंचे मत पडले. म्हणून छत्री मी आज सकाळीच त्यांना दिली. ती आता माझ्या मिळकतीत नाही.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील रेश्मा हासे यांनी करावी. मूळ प्रत त्यांच्याकडे राहील.

येथे मृत्युपत्र संपले होते. सही करण्यापूर्वी मी ते दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. गोरक्षनाथ खुळे, निवृत्त पोस्टमन, यांनी सर्व बरोबर आहे असे सांगितले. चांगुणाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटले झोप लागली. त्या म्हणाल्या :

"सातवं परत वाचा."

मी परत वाचले.

"तीन फूट," त्या म्हणाल्या. "कुठून?"

गोरक्षनाथ हसले. मी हसलो नाही. मी पेन उघडले. पुढील मजकूर त्यांच्यासमोर, त्यांना विचारून लिहिला आहे. तो कलम सातचा भाग समजावा :

'पायवाटेची तीन फूट रुंदी घाटाच्या भिंतीच्या पश्चिम कडेपासून, पश्चिमेकडे मोजावी. भिंतीवर २६ जानेवारी २०११ रोजी चांगुणा कानिफनाथ घटे यांनी कोरलेली सर्वांत वरची रेघ आहे, तिथपासून मोजावी. कलम सहामध्ये उत्तरेस नदी असे लिहिले आहे. ती नदी याच रेघेच्या पातळीपासून मोजावी. आज जिथे आहे तिथून मोजू नये, आणि उद्या जिथे असेल तिथूनही मोजू नये.'

वाक्य लांब झाले आहे. मी ते पुन्हा एकदा वाचले. चांगुणाबाई म्हणाल्या, "आता बसलं."

वरील सर्व मजकूर मला मान्य आहे. तो माझ्या हातचा आहे. चूक राहिली असेल तर तीही माझीच समजावी.

ठिकाण : मौजे धानोशी, तालुका संगमनेर, घाटाची वरची पायरी
दिनांक : १२ डिसेंबर २०२५

लिहून देणार :
शरच्चंद्र वामन निसळ (सही)

आमच्यासमक्ष सही केली :

साक्षीदार १ : गोरक्षनाथ किसन खुळे, राहणार धानोशी (सही)

साक्षीदार २ : चांगुणा कानिफनाथ घटे, राहणार भोईवस्ती, धानोशी. लिहिता येत नाही. अंगठ्यासाठी शाई पुढे केली, ती त्यांनी नको म्हटली आणि पेन मागून घेतले. निशाणी त्यांच्या हातची :

________________